नऊ रंग, सात वार आणि कपाटात न मावणाऱ्या साड्या

करडी_मांजर

पितृपक्ष लागला की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवरात्रीच्या रंगांचं वेळापत्रक येऊन पडतं. पितृपक्षात खरेदी करायची नसते, पण यादी करायला कोणाची हरकत? खाली अंगठे, बदाम, नाचणाऱ्या बाहुल्या, आणि तासाभरात पहिला प्रश्न: "मोरपंखी कोणाकडे जास्तीची आहे गं?" मीही त्यात उत्साहाने असते. मी रंगांच्या विरोधात नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत मला नास्तिक आणि खडूस ठरवून मोकळे व्हाल.

ही प्रथा पुरातन आहे असं समजणाऱ्यांसाठी थोडं. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात ती गोष्ट निराळी. ऑफिसला जाणाऱ्या समस्त बायकांनी एका दिवशी एका रंगात जायचं, ही टूम या शतकातली आहे. महाराष्ट्र टाइम्सने सुरुवातीच्या वर्षांत ती काढली, बायकांचे गटागटाने काढलेले फोटो छापले, आणि बघता बघता बँका, शाळा, दवाखाने, लोकलचे डबे सगळं रंगलं. ज्यांना 'पूर्वापार' म्हणायचं आहे त्यांनी आपल्या आईच्या नोकरीच्या काळातले फोटो काढून बघावेत.

रंग ठरतात वारावरून. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा. घटस्थापना ज्या वारी, तिथून सुरुवात. नऊ दिवसांत सातही वार येणारच, म्हणजे हे सात रंग दर वर्षी ठरलेले. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, जांभळा, गुलाबी यांतलं काहीतरी. थोडक्यात, दहा साड्या एकदा घेऊन ठेवल्या की बाईला निवृत्तीपर्यंत चिंता नाही. त्यातून आमचं सरकारी ऑफिस. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा, त्यामुळे शनिवारचा करडा नि रविवारचा नारिंगी ऑफिससाठी लागतही नाहीत.

तरी माझ्याकडे पिवळ्या साड्या चार आहेत. पिवळा मला शोभत नाही, एरवी मी तो नेसत नाही. मग चार कशा आल्या? फोटोमुळे. जिन्यापाशी रोज फोटो निघतो, स्टेटसला चढतो, आणि पुढच्या वर्षी मोबाइल आपणहून तोच फोटो 'आठवण' म्हणून पुढ्यात आणून ठेवतो. साडी किती जुनी आहे हे पूर्वी नेसणारीला आणि फार तर तिच्या नणंदेला माहीत असायचं. आता सगळ्या ग्रुपकडे त्याची नोंद असते.

आणि गंमत अशी की "ही गेल्या वर्षीचीच ना?" असं मला कोणीही कधी विचारलेलं नाही. एकदा एकीने एवढंच म्हटलं, "अगं, ही तुझी मला फार आवडते." पुढच्या वर्षी मी नवीन घेतली.

तर मला विचारायचं आहे, तुम्हाला कोणी 'घे' म्हणतं का? की कोणी न म्हणताच घेतली जाते? फक्त साड्यांचंच लिहा असं नाही.


तात्या_डोंबिवलीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आम्हा पुरुषांत हे असलं काही नाही हे किती बरं आहे! सोमवारी पांढरा शर्ट, मंगळवारी पांढरा शर्ट, बुधवारी तोच सोमवारचा.


खणाची_चोळी

मला धाग्याचा सूर पटला नाही, स्पष्टच सांगते. आमचा लोकलचा ग्रुप आहे, कर्जतहून चढणाऱ्यांपासून ठाण्याला शिरणाऱ्यांपर्यंत. वर्षभर आम्ही एकमेकींच्या कोपरात कोपर घालून, डब्याचा वास घेत, सिग्नलला शिव्या देत जातो. वर्षातून हे नऊ दिवस डब्यात शिरल्यावर सगळ्या एका रंगात दिसतात तेव्हा जे वाटतं ना, ते हिशोबाच्या वहीत बसत नाही. भोंडला म्हणतो, खिरापत वाटतो, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण बांधतो. नोकरी करणाऱ्या बाईला सण साजरा करायला मिळतो तो प्रवासातच, घरी गेल्यावर तर कुकर लावायचा असतो.

दबाव म्हणाल तर नाही बाई. ज्यांच्याकडे नसते त्या वेगळ्या रंगात येतात, आम्ही काही त्यांना डब्यातून ढकलून देत नाही.


धावती_भवानी

तात्या, अहो किती ते निरागस! तुमच्याच गावातल्या एका धावणाऱ्यांच्या ग्रुपात मी आहे. पहाटे पाचला खाडीकडे जातो. सुरुवातीला सगळे साध्या कॅनव्हासच्या बुटांत. एकाने मनगटावर ते नाडीचे ठोके मोजणारं महागडं घड्याळ आणलं. महिनाभर बाकीच्यांनी चेष्टा केली. मग दुसऱ्याने घेतलं. मग धावून झाल्यावरच्या गप्पा घड्याळातल्या आकड्यांवर व्हायला लागल्या, आणि ज्याच्या मनगटावर ते नाही त्याला बोलायला विषयच उरेना. आज आमच्यातला एकही पुरुष त्याशिवाय नाही. त्यातल्या दोघांना साडेसात मिनिटांच्या आत किलोमीटर होत नाही. ट्रेकवाल्यांचे बूट, सायकलवाल्यांचे चष्मे, नवीन बाइक घेतल्यावर लडाखला जावंच लागणं... लिहीत बसले तर रात्र सरेल.

हलके घ्या.


तात्या_डोंबिवलीकर

घेतलं. (घड्याळही घेतलं आहे, पण तो विषय नको.)


अर्थाअर्थी

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. व्याख्यान वाटलं तर पुढे सरका.

आमच्या पाठ्यपुस्तकातलं गिऱ्हाईक एकटं असतं. त्याची आवड त्याची, खिसा त्याचा, शेजारी कोण काय घेतो याच्याशी त्याचा संबंध नाही. हे खरं नाही हे कोणत्याही सुनेला ठाऊक होतं, पण ते मागणीच्या आलेखात नीट बसवलं हार्वी लायबेनस्टाइनने, १९५० साली एका लेखात. त्याने तीन तऱ्हा सांगितल्या. सगळे घेतात म्हणून घेणं. सगळे घेतात म्हणून न घेणं. आणि महाग आहे म्हणूनच घेणं. या तिसरीला त्याने व्हेब्लेनचं नाव दिलं. त्या व्हेब्लेनने १८९९ मध्येच दिखाऊ खर्चावर लिहून श्रीमंतांना बोचकारलं होतं.

आता करडीताईंच्या जिन्यापाशी उभे राहा. पहिल्या वर्षी सगळ्या पिवळ्यात आल्या म्हणून तुम्ही पिवळी घेतली, ही पहिली तऱ्हा. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांकडे पिवळी सेमी पैठणी झाली, तेव्हा कोणीतरी त्याच पिवळ्यात इरकल किंवा खण नेसून आलं असणार. रंग पाळायचा पण गर्दीत हरवायचं नाही, ही दुसरी. आणि ज्या बाई येवल्याची हातमागाची नेसून आल्या आणि किंमत कोणी विचारायच्या आत सांगून मोकळ्या झाल्या, त्या तिसऱ्या. एकच जिना, एकच दिवस, तिन्ही तऱ्हा हजर. म्हणून हा प्रकार संपत नाही. नुसती पहिली तऱ्हा असती तर दहा साड्यांत खेळ आटोपला असता, तुम्ही म्हणता तसा. दुसरी तऱ्हा दर वर्षी पट पुन्हा मांडते.

फोटोचा मुद्दा मात्र नेमका आहे. फ्रान्सिस बोर्न नावाच्या संशोधकाने १९५७ मध्ये असा प्रश्न घातला होता की गटाचा प्रभाव कोणत्या वस्तूंवर पडतो आणि कोणत्या नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: वस्तू लोकांना दिसते का, आणि ती सगळ्यांकडे असतेच की मोजक्यांकडे? घरातली गादी कोणत्या कंपनीची आहे यावरून भिशीत कोणी नाक मुरडत नाही, कारण गादीवर चादर असते. पुढे १९८२ मध्ये बेअर्डन आणि एटझेल या दोघांनी हे तपासून पाहिलं, आणि चारचौघांत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत गटाचं वजन जास्त पडतं हे दिसलं. आता मोबाइलने काय केलं? जे पूर्वी चादरीखाली होतं तेही चारचौघांत आणलं. स्वयंपाकघरातले डबे, मुलांच्या खोलीचा रंग, हॉटेलातलं ताट, सगळं आता जिन्यापाशी उभं आहे.


वैतागवाडी

एवढं कशाला? सरळ सांगा ना की वर्तमानपत्राने आणि साडीवाल्यांनी बायकांना मूर्ख बनवलं. विषय संपला.


खणाची_चोळी

वैतागवाडी, मूर्ख आम्ही नव्हे. जाहिराती रोज शेकडो येतात, सगळ्यांच्या मागे धावतो का? पोहे खाताना कोणती टूम धरायची नि कोणती सोडायची हे आमचं आम्ही ठरवतो. ही धरली कारण आम्हाला आवडली. त्यांनी फक्त वेळापत्रक दिलं.


मधल्या_आळीतला

माझं साड्यांचं दुकान आहे, नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. गल्ल्यावर बसून जे दिसतं ते सांगतो, अक्कल शिकवायची नाही.

आमचे हंगाम ठरलेले असायचे. लग्नसराई, दिवाळी, संक्रांतीला काळी. भाद्रपद म्हणजे माश्या मारायचे दिवस. आता भाद्रपद अर्धा सरला की सुरतेचा माल मागवावा लागतो. चारशे ते सातशेच्या आतला सिंथेटिक. गिऱ्हाईक पोत बघत नाही, धुतल्यावर काय होईल विचारत नाही. मोबाइल काढून त्यातला रंग साडीशेजारी धरतं. रंग बसला की झालं. मी बापाच्या हाताखाली शिकलो तेव्हा बायका पदर चुरगाळून, काठ नखाने खरवडून, उजेडात नेऊन बघायच्या. नऊ रंगांच्या साडीला कोणी उजेडात नेत नाही.

दुसरी गोष्ट. बाई एकटी आली तर पहिला प्रश्न असतो, "कमीतली दाखवा." चौघी मिळून आल्या तर हा प्रश्न दुकानात येतच नाही. पहिलीने ज्या भावाची हातात घेतली, त्याच्या आसपासच बाकीच्यांची जाते. खाली यायची कोणाची तयारी नसते. आम्ही दुकानदार लोक म्हणूनच त्या पहिलीला नीट बसवतो, पाणी-चहा तिला आधी. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, त्यातलीच एक पिशवी घेऊन परत येते. "घरी हा रंग आहे म्हणाले, जरा वेगळी बघू." वेगळी म्हणजे कमीतली, हे मला कळतं नि तिलाही कळतं की मला कळतं. मी काही न बोलता बदलून देतो. माझा धंदा या न बोलण्यावर चालतो.

भजनी मंडळं, बचत गटाच्या बायका एकसारख्या साड्यांची ऑर्डर देतात तेव्हा भाव खरंच चांगला पडतो, हे पण लिहायला हवं. एकटीला साडेपाचशेला पडली असती ती चारशेला. पण त्यातही दोघी-तिघी अशा असतात की मंडळाच्या ताईंनी पैसे भरून टाकलेले असतात आणि त्या मागून, पन्नास-शंभर करत फेडतात. "मला नको" असं त्यांच्यातल्या एकीनेही म्हटल्याचं ऐकलं नाही.

करडा दर वर्षी उरतो. शनिवारी सुट्टीवाल्यांना लागत नाही, आणि एरवी तो कोणाला आवडत नाही. धागाकर्तीच्या आयडीला नमस्कार.


न्यू_जर्सीची_नणंद

मधल्या आळीतले दादा, तुमचा करडा इकडे पाठवा! आमचे कार्यक्रम सगळे शनिवार-रविवारी. मंडळाचा भोंडला शनिवारी, गरबा शनिवारी, कोणाकडे तरी सवाष्ण-कुमारिका रविवारी. आठवडाभर ऑफिसला जीन्स. त्यामुळे इथल्या मराठी बायकांच्या बॅगा उन्हाळ्यात भारतातून भरून येतात त्यात करड्या आणि नारिंगीची रेलचेल. लाल, हिरव्याला कोणी विचारत नाही. शिवाय इथे एक वेगळंच आहे. तुमच्याकडे वर्षभर साडी दिसते, तिची सवय असते. इकडे वर्षातले जे चार-सहा प्रसंग, त्यातच सगळं दाखवायचं, त्यामुळे साधी साडी नेसून आलेली बाई लगेच उठून दिसते. पाहुणे तेच, फोटो काढणारा तोच, ब्लाउज शिवणारी बाई मात्र अख्ख्या गावात एक. ती जुलैतच "आता घेणार नाही" म्हणते.


ओढणीवाली

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी एका ऑफिसात कंत्राटी आहे, डेटा एंट्री. पगार एजन्सीकडून येतो, येईल तेव्हा. कायम बायकांचा रंगांचा ग्रुप वेगळा आहे, त्यात आम्ही नाही. पण त्या वाईट नाहीत, "तुम्ही पण या गं" म्हणतात. पहिल्या वर्षी मी घरी होता तो हिरवा ड्रेस घालून गेले, हिरव्याच्या दिवशी. फोटोला बोलावलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तो रंग नव्हता. फोटोच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "तू काढ ना, तुझा हात स्थिर आहे." मी काढला. पुढचे सगळे दिवस मीच काढले. खणाच्या चोळीताई म्हणतात कोणाला डब्यातून ढकलत नाही. खरं आहे, ढकलत नाहीत. हातात मोबाइल देतात.

मग मी असं केलं की एक पांढरा पंजाबी ड्रेस घेतला आणि ओढण्या. गाडीत शंभर-दीडशेला मिळतात. सगळे रंग होतात. सोमवारी तर ओढणी पण लागत नाही. आता फोटोत असते. मला नऊ साड्या झेपणार नाहीत, आणि झेपल्या तरी मी आधी मुलाची क्लासची फी भरीन. पण फोटोत असावं असं वाटतं, ते का वाटतं ते अर्थाअर्थी सरांनी सांगावं.


खणाची_चोळी

ओढणीवाली, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या डब्यात कोण फोटो काढतं ते मी उद्या बघणार आहे.


अबोली

थोडं अवांतर, पण इथलंच. बाबा गेल्यानंतर आईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कोणी मुद्दाम केलं असं नाही, फक्त बोलावणं येईना. वाण, तिळगूळ, ओटी, सगळं शेजारून जायला लागलं. नऊ रंगांना मात्र असली अट नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला वेळापत्रक पाठवलं आणि ती मंगळवारी लाल नेसून गेली. घरातल्या एका मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या, पण "ऑफिसात सगळ्यांचंच असतं" एवढ्यावर भागलं. त्या वर्षी आईने सगळ्या साड्या नवीन घेतल्या. उधळपट्टी म्हणा हवं तर. जो गट खर्चाला भाग पाडतो तोच कधी कधी ढालही होतो, आणि त्या ढालीची किंमत तिने आनंदाने मोजली.


निवृत्त_मास्तर

उत्तम चर्चा. दोन जुन्या गोष्टींची भर घालतो.

पहिली अशी की गट, कापड आणि रंग यांचं नातं आपल्याकडे नवं नाही. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. त्या काळात सभेला जायचं तर खादी हवी. खादी जाडीभरडी, महाग, धुवायला जड, तरी घराघरांतून आली. काहींच्या घरी ती निष्ठेने आली, काहींच्या घरी गल्लीतले सगळे घालतात म्हणून. आज आपण पहिल्यांच्याच कथा सांगतो. मिलचं मऊ कापड टाकून खरखरीत घालायला लावणारी ताकद बाजारात नव्हती, ती चारचौघांच्या नजरेत होती. तेव्हा या नजरेला सरसकट शिव्या घालू नयेत.

दुसरी गोष्ट वैतागवाडीसाठी. बाहेरून बघणाऱ्याला लोकांचा असला खर्च नेहमी मूर्खपणा वाटतो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे-नगर भागात पसरलं आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. साहेबलोकांत तेव्हा सर्रास बोललं जाई की कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. आयोगाने चौकशीअंती लिहिलं की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च जास्त होतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि कर्जाचं मूळ सहसा तिथे नसतं. सारा, अवर्षण, सावकारी व्याज यांच्याकडे बोट दाखवण्यापेक्षा मांडवाकडे दाखवणं सोपं होतं. आजही कोणा बाईचं महिन्याचं गणित बिघडलं तर घरातले आधी तिच्या साड्या मोजतात, घराचा हप्ता आणि शाळेची फी नंतर.

म्हणून गटाचा दबाव नसतो असं मात्र नाही. त्याच पुण्यात दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, आणि त्या वर्षाअखेरीस भटजीविना, थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवलं. साधं लग्न करायची इच्छा एकेकट्याच्या मनात आधीही असेल. पण एकट्याने केलं तर तो कंजूष ठरतो. समाज म्हणून केलं तर ती रीत होते.


वैतागवाडी

मास्तर, मान्य. पण मला साडीवाल्यांचं म्हणायचं होतं, बायकांना मूर्ख म्हणायचं नव्हतं. वाक्य तसं झालं खरं.


अर्थाअर्थी

ओढणीवालीताईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण एक प्रयोग सांगतो, तो त्यांच्या जवळचा आहे.

अमेरिकेत १९५० च्या आसपास सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसं एका खोलीत बसवली. पुढे एक रेघ, शेजारी तीन रेघा. तिघांतली पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. शाळकरी पोर चुकणार नाही इतकं सोपं. मात्र खोलीतले एक सोडून बाकी सगळे अ‍ॅशचेच लोक. ते ठरवून, एका सुरात, चुकीची रेघ सांगायचे. खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे. डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटाबरोबर चुकीचं बोलले. सगळी उत्तरं धरली तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त उत्तरं गटाच्या मागे गेली. न चुकता आपलंच म्हणणं सांगणारे चौथा हिस्सा.

हे सगळीकडे सांगितलं जातं. त्याच्या पुढचं कमी सांगतात. अ‍ॅशने आपल्या लोकांतल्या एकालाच खरं उत्तर द्यायला लावलं, तेव्हा गटामागे जाणं एकदम खाली आलं. बाकीचे सगळे तसेच चुकीचं बोलत होते, फक्त एक सोबती मिळाला. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं तेव्हाही दबाव ओसरला.

मधल्या आळीतल्या दादांकडे दुपारी एकटी पिशवी घेऊन येणारी बाई म्हणजे ते कागदावरचं उत्तर. तिला किंमत आदल्या दिवशीही दिसत होतीच.

फोटोत का असावंसं वाटतं, तर ताई, मला वाटतं तुम्हाला साडी नको आहे. त्या ऑफिसात तुम्हीही काम करता एवढं फोटोत दिसायला हवं आहे. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही मला दिसत नाही.


करडी_मांजर

सगळ्यांचे आभार, एवढी मजल जाईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे यंदा साड्यांची अदलाबदल करून बघावी असं मनात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या साड्या आमच्या फोटोत कधी आलेल्या नाहीत, आमच्या त्यांच्या फोटोत नाहीत. नवरात्रापुरती आपसांत फिरवायची, धुऊन परत. ब्लाउजचं काय हा प्रश्न आहे, पण काळा किंवा सोनेरी बहुतेकींकडे असतो. मी ग्रुपवर टाकणार होते, तेवढ्यात एका वरिष्ठ बाईंनी त्यांच्या नवीन मोरपंखीचा फोटो टाकला. माझा मेसेज अजून लिहून तसाच आहे.


धावती_भवानी

टाका हो. आमच्याकडे एकाने घड्याळ काढून ठेवलं त्या दिवसापासून आणखी दोघे बिनघड्याळाचे धावतात. वेग तेवढाच आहे, साडेसातच्या आत काही येत नाहीत.


पहिलीची_आई

धाग्याला फाटा फोडते आहे, पण अडले आहे. मुलगी पहिलीत. शाळेने काहीही सांगितलेलं नाही, गणवेश आहे. पण वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर दोघी-तिघींनी मिळून मुलींसाठी नऊ रंग ठरवले. "फक्त हौस म्हणून, सक्ती नाही, पण एकत्र फोटो छान येईल." सहा वर्षांच्या मुलीला करडा फ्रॉक कुठून आणू? ती तीन महिन्यांत वाढते. नाही म्हटलं तर मुलीला एकटं पाडल्यासारखं होतं, हो म्हटलं तर पुढच्या वर्षीचंही कबूल केल्यासारखं.


ओढणीवाली

ताई, लवकर लिहा. सगळ्यांनी हो म्हटल्यावर नाही लिहायला जड जातं. कारण देऊ नका. परवडत नाही, वेळ नाही, काही नाही. "आमची गणवेशात येईल" एवढंच.


पहिलीची_आई

लिहिलं, अगदी तेवढंच. ग्रुपवर एक अंगठा आला, तोही एका बाबांचा. पण खासगीत तिघींचे मेसेज आले, "बरं झालं तू बोललीस, आमचीही गणवेशातच येईल." ग्रुपवर मात्र त्या तिघींनी आधीच बदाम टाकून ठेवले आहेत. मुलगी म्हणते तिची मैत्रीण पिवळ्यात येणार, तर तीही पिवळ्यात.


अर्थाअर्थी

त्या तिघींतल्या एकीला ते ग्रुपवर लिहायला सांगा. तिघींची गरज नाही, एकच पुरे.


पहिलीची_आई

सांगितलं. "बघते" म्हणाली.


मधल्या_आळीतला

पिवळा फ्रॉक अडीचशेपर्यंत मिळतो ताई, रंग जात नाही. लागला तर सांगा, नाही लागला तरी हरकत नाही.